उशिराचा आवाज येत नाही

मोटारीच्या इंजिनातील ठिणगीविषयी मराठीच्या प्राध्यापकांनी लिहावे, याचे वाचकांना आश्चर्य वाटले तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. काही काळापूर्वी ते आम्हालाही वाटले असते. आम्ही दोघेही साताऱ्यात मराठी शिकवतो, महाविद्यालये मात्र वेगवेगळी. घर एक, विषय एक आणि गाडीही एकच : १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. ती खरे तर अण्णांची. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्याला त्यांना पंचवीसहून अधिक वर्षे झाली, वय ८४.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाट ११०० या इटालियन गाडीच्या परवान्यावर ही गाडी तयार होत असे. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. नाव चितोडच्या राणीचे. पण नायिकाभेद शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या माणसांना पद्मिनी म्हटले की चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी ही नावे ओघानेच आठवतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हा वृत्तपत्रांतून बरेच हळवे लेखन झाले. ते आम्हीही चवीने वाचले. आमच्या अंगणातली पद्मिनी त्या वेळी कशी चालत होती, हे पाहण्याचे मात्र आम्हाला सुचले नाही. प्रस्तुत लेख त्या न सुचण्याविषयी आहे.

आधी थोडे यंत्राविषयी. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि प्लगच्या टोकाशी उडालेल्या ठिणगीने ते पेटते. चार सिलिंडरांपैकी कोणाला केव्हा ठिणगी द्यायची, हे ठरवणारा भाग म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. 'वितरक' असा प्रतिशब्द कोशात सापडेल. परंतु गॅरेजात वितरक म्हटले तर समोरचा माणूस वर्तमानपत्राचे बिल काढील. तेव्हा डिस्ट्रिब्यूटरच म्हणू. त्याच्या आत पॉइंटांची एक जोडी असते. ते मिटलेले असताना कॉइलमधून वीज वाहते; ते उघडले की वीज तुटते आणि त्या तुटण्यातूनच बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट होतात. वाहण्यातून नव्हे, तुटण्यातून ठिणगी येते, ही गोष्ट आम्हाला प्रथम कळली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. ही ठिणगी मग फिरणाऱ्या रोटरमार्फत एकेका प्लगकडे जाते. आमच्या गाडीत १, ३, ४, २ या क्रमाने. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर सेकंदाला शंभर.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. मिश्रण पेटायला काही क्षण लागतात. म्हणून दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचल्यावर ठिणगी देऊन भागत नाही. ती थोडी आधी द्यावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात. वेग वाढला की हा अवधी वाढवावा लागतो. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन लहान वजने आणि दोन स्प्रिंगा असतात. फिरण्याचा वेग वाढला की वजने बाहेर फाकतात आणि ठिणगी आणखी आधी पडते. ठिणगी फारच आधी पडली तर इंजिन खडखडते. पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून हलवावेत तसा तो आवाज असतो. कोणालाही ऐकू येतो. ठिणगी उशिरा पडली तर मात्र असा आवाज येत नाही. गाडी चालते. चढावर थोडी दमते, थोडी अधिक तापते, पेट्रोल थोडे अधिक पिते. पण तक्रार करीत नाही.

पॉइंटांचा स्वभाव असा की ते झिजत जाताना उशिराकडेच झुकतात. त्यांना उघडण्याचे काम फायबरची एक लहानशी टाच करते. ती फिरत्या दांड्याच्या उंचवट्यांवर घासत राहते आणि कणाकणाने झिजते. टाच झिजली की पॉइंटांमधली फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. म्हणून ती अधूनमधून मापून पुन्हा नीट लावावी लागते.

अण्णा ती दर खंडेनवमीला लावीत. आमच्या घरात शस्त्रे नाहीत. पाने, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज आणि खात्यातून निवृत्त होताना मिळालेली एक दुर्बीण, एवढ्यांची पूजा होई. पूजा झाली की हळदकुंकू लागलेलाच पाना घेऊन अण्णा बॉनेट उघडीत. त्यांची एक वही आहे. १९७९ पासून दर वर्षी एक ओळ : तारीख, किलोमीटर, फट आणि शेवटी एक शब्द. तो शब्द बहुधा 'ठीक' असतो. एका वर्षी 'ठीक नाही' आहे आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, दोन दिवसांनंतरची तारीख घालून, 'ठीक'. शैलीविचार शिकवणाऱ्या आम्हा दोघांना इतके नेमके गद्य लिहिता आलेले नाही.

वहीतली शेवटची ओळ २०१६ सालची आहे. त्यानंतर अण्णांचा हात कापू लागला. कंपवाताचे निदान पुढे झाले. त्याआधीच त्यांनी फीलर गेज ठेवून दिले होते. सुरुवातीला ते म्हणत, "एकदा पॉइंट बघायला हवेत." आम्ही म्हणत असू, "हो अण्णा, परीक्षा संपल्या की बघू." परीक्षा संपत, मग मूल्यमापन, मग प्रवेश, मग पुन्हा परीक्षा. गाडी तर चालत होती. पुढे अण्णांनी म्हणायचे सोडले. त्यांनी म्हणायचे सोडले याचा अर्थ आम्ही असा घेतला की त्यांना आता त्यात रस उरलेला नाही. वय झाले की माणूस विरक्त होतो, असा एक सोयीचा समज आपल्याकडे आहे. तो बहुधा वय न झालेल्यांनी रूढ केला असावा.

२०२५ च्या जून महिन्यात, भर पावसात, पोवई नाक्यावर गाडी बंद पडली. अण्णा मागे बसले होते. डॉक्टरांकडून परत येत होतो. मागून कर्ण्यांचा गजर सुरू झाला. दोघा-तिघा मुलांनी गाडी ढकलून कडेला लावून दिली. अण्णा काचेतून बाहेर पाहत म्हणाले, "पॉइंट चिकटले असतील." एवढेच. त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मिस्त्रींनी येऊन पॉइंट पॉलिश पेपरने घासले, तेव्हा गाडी सुरू झाली. अण्णांचेच निदान खरे ठरले. मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली : डिस्ट्रिब्यूटरचा दांडा आडवा हलवला तर हलत होता. आतल्या बुशा झिजल्या होत्या. अशा दांड्यावर फट कितीही नीट लावली तरी ती टिकणार नाही. पॉइंटही आता पूर्वीसारखे मिळत नाहीत, असे ते म्हणाले. त्यापेक्षा जुन्या फियाटसाठी नव्याने बनवलेला इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर मागवावा. त्यात पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही. दांड्यावर चुंबक आणि शेजारी एक सेन्सर. घासणारी टाचच नाही, म्हणून झीज नाही आणि दर वर्षीची मापणीही नाही.

इथे आमच्यातला संपादक जागा झाला. मूळ संहितेत हात घालावा काय? २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरू शकते. आमची २०२९ मध्ये पन्नाशी गाठील. तेव्हा तिचे मूळ रूप आम्ही बिघडवले असे ठरेल की काय, याचा आम्ही चक्क दोन संध्याकाळी विचार केला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती काळाच्या ओघात शिरलेले अपपाठ काढून. आम्ही इथे अपपाठ काढत होतो की नवाच घालत होतो? असा वाद रंगात आलेला असताना आमच्यापैकी दुसरी एकदम म्हणाली, "आपण गाडीबद्दल बोलतोय की अण्णांना विचारायचं टाळतोय?"

आम्ही अण्णांना विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुना टाकू नका." तो आम्ही तेलाचा हात देऊन, फडक्यात गुंडाळून, त्यांच्या कपाटात ठेवला आहे. मूळ प्रत जपून ठेवली की वापरायची प्रत बदलता येते, हे ग्रंथालयांतून आयुष्य काढलेल्या माणसांना लवकर सुचायला हवे होते.

नवा डिस्ट्रिब्यूटर बसवायचे ठरले ते खंडेनवमीला, १ ऑक्टोबर २०२५ रोजी. मिस्त्रींना बोलवायचे नाही, आपणच बसवायचा, असा हट्ट आम्ही धरला होता. हत्यारांच्या पूजेनंतर अण्णांची खुर्ची अंगणात मांडली आणि कामाला लागलो.

प्रथम पहिला सिलिंडर नेमक्या जागी आणायचा. चारही प्लग काढले, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. एकाने गाडी मागून हळूहळू ढकलायची, दुसरीने पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा. दट्ट्या दाब देत वर येऊ लागला की आतली हवा अंगठा बाहेर लोटते. ती खूण महत्त्वाची, कारण दट्ट्या दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. दुसऱ्या वेळची ठिणगी वाया जाते. अंगठा लोटला गेला, तशी पुलीवरची खूण पुस्तकात दिलेल्या अंशाशी आणून आम्ही गाडी थांबवली. जुन्या डिस्ट्रिब्यूटरचा रोटर कोणत्या दिशेला आहे ते खडूने इंजिनावर लिहिले. आमच्या व्यवसायातली ही एकच वस्तू त्या दिवशी उपयोगी पडली. वायरींना चिकटपट्टीचे आकडे लावले. मग जुना वर ओढून काढला आणि नवा त्याच दिशेला रोटर ठेवून खाली सोडला. दात एकमेकांत बसेपर्यंत त्याला हाताने चाचपत राहावे लागते. एक दात चुकला तर सगळाच हिशेब चुकतो. लाल तार कॉइलच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला. चाके अडवली, गिअर काढला, प्लग लावले, किल्ली फिरवली.

कार्ब्युरेटरमधून तोफ उडावी तसा बार झाला. शेजारच्यांचा कुत्रा पळाला. दिवाळीला अजून अवकाश होता.

चूक आमची होती. नव्या टोपणावर पहिल्या वायरीची जागा निराळी होती आणि आम्ही वायरी जुन्या टोपणाच्या सवयीने लावल्या होत्या. क्रम बरोबर, आरंभ चुकीचा. परीक्षेत असे उत्तर आले तर आम्ही निम्मे गुण देतो. इंजिन देत नाही. अण्णा खुर्चीत हलके हलत होते. पुष्कळ दिवसांनी ते हसताना दिसले.

वायरी नीट लावल्यावर गाडी सुरू झाली. मग टायमिंग लाईट. या दिव्याचा चिमटा पहिल्या वायरीला लावायचा. पहिली ठिणगी पडली की दिवा चमकतो. गरगर फिरणाऱ्या पुलीवर तो धरला की तिच्यावरची खूण जागच्या जागी थांबलेली दिसते. खूण फिरतच असते. पण ती जेव्हा आपल्यासमोर येते नेमका तेव्हाच उजेड पडतो, म्हणून ती स्थिर वाटते. आम्ही डिस्ट्रिब्यूटरचे धड थोडे इकडे, थोडे तिकडे फिरवीत खूण पुस्तकातल्या अंशावर आणली आणि नट आवळला. अण्णांना विजयी मुद्रेने म्हणालो, "झालं."

अण्णांना ऐकू कमी येते. यंत्र लावूनही बोलण्यातले निम्मे शब्द निसटतात. ते खुर्चीतून उठले, काठी टेकत गाडीपाशी आले आणि त्यांनी तळहात मडगार्डवर ठेवला. हात कापत होता. गाडीही कापत होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "उशीर आहे."

आम्ही दिवा दाखवला. खूण बरोबर जागेवर आहे, हे दाखवले. त्यांनी दिव्याकडे पाहिले नाही. विचारले, "लावताना रेस किती ठेवली होती?"

गाडी बंद पडू नये म्हणून आम्ही रेस बरीच वाढवून ठेवली होती. आणि मग उलगडा झाला. रेस जास्त असल्यामुळे आतली वजने आधीच थोडी फाकलेली होती, ठिणगी त्यांनीच थोडी आधी आणली होती. आणि आम्ही ती उसनी आघाडी मूळची समजून हिशेबात धरली होती. दिवा खोटे सांगत नव्हता. आम्ही त्याला प्रश्न चुकीच्या वेळी विचारला होता. रेस उतरवली तशी खूण पुस्तकातल्या अंशावरून मागे सरकली. आम्ही धड पुन्हा फिरवले आणि खूण तिच्या जागी आणली. अण्णांनी पुन्हा हात ठेवला आणि म्हणाले, "आता चढावर."

दुसऱ्या दिवशी दसरा होता. कासला जाणाऱ्या पर्यटकांची गर्दी व्हायच्या आत, भल्या सकाळी, अण्णांना पुढे बसवून आम्ही यवतेश्वरच्या घाटात गाडी घातली. मागच्या काही वर्षांत याच घाटात ती दुसऱ्या गिअरवर येई आणि आम्ही म्हणत असू, वय झाले आता तिचे. त्या दिवशी ती तिसऱ्या गिअरमध्ये चढत राहिली. वय झाले होते ते खरेच. पण दमण्याचे कारण निराळे होते. ती नऊ वर्षे उशिरा पेटत होती.

अण्णा म्हणाले, "अजून जरा पुढे घ्या." वळणाला जागा पाहून थांबलो, नट सैल केला, धड केसभर फिरवले. पुन्हा चढ. "अजून." तिसऱ्या वेळेला, चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, चिंचोक्यांचा आवाज आला. आम्ही घाबरून पाय काढला. अण्णा शांत होते. "आला ना? आता त्याच्या एक केस मागे."

पुस्तकातला अंश हा आरंभबिंदू असतो, असे त्यांनी परतताना सांगितले. तो नव्या इंजिनासाठी आणि त्या काळच्या पेट्रोलसाठी लिहिलेला. आपल्याकडे शिसे मिसळलेले पेट्रोल २००० साली बंद झाले, आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इंजिन साडेचार दशकांचे. म्हणून शेवटची जागा चढावर शोधायची; आणि ती नेहमी आधीच्या बाजूने शोधायची. खडखड येईपर्यंत पुढे जायचे, मग किंचित मागे यायचे. उशिराच्या बाजूने शोधत गेले तर कळत नाही, कारण तिकडे काही वाजतच नाही.

हे ते गाडीविषयी बोलत होते. आमच्या मनात मात्र तेव्हापासून दुसरेच काही घोळत राहिले आहे. आम्ही आदर म्हणून ज्याला समजत आलो तो पुष्कळदा उशीर होता. अण्णांना विचारले तर त्यांना लागेल, हात कापतो हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यासारखे होईल, म्हणून आम्ही वाट पाहिली. त्यांनी सांगितले तर करू, असे म्हणत राहिलो. घाईने विचारले असते तर ते कदाचित चिडले असते. एखादे वाक्य खडखडले असते. त्या आवाजावरून निदान कळले असते की मर्यादा कुठे आहे, आणि केसभर मागे येता आले असते. वर्गातही असेच होते. जो विद्यार्थी वाद घालतो त्याच्याकडे आमचे लक्ष जाते. जो हळूहळू मागे पडत जातो तो कसलाच आवाज करीत नाही आणि हजेरीपटावर 'ठीक' असतो.

नव्या डिस्ट्रिब्यूटरचे वैशिष्ट्य असे की त्याला दर वर्षी पाहावे लागत नाही. ही सोय आहे, यात शंका नाही. पण अण्णांच्या वहीतल्या ओळी त्या गैरसोयीतून आल्या होत्या. बघावे लागत होते म्हणून ते बघत होते. टाच झिजणार हे ठाऊक असल्यामुळे वर्षातून एक दिवस राखून ठेवलेला होता. आता झिजणारे काही उरले नाही, तेव्हा बघण्याचे निमित्त आपले आपणच शोधायला हवे.

घरी आल्यावर अण्णांनी वही मागितली. २०१६ च्या ओळीखाली आम्ही तारीख आणि किलोमीटर लिहिले. फटीच्या रकान्यात काय लिहावे ते कळेना. नव्या यंत्रात फटच नाही. "रेघ मारा," अण्णा म्हणाले. रेघ मारली. शेवटच्या शब्दासाठी पेन त्यांच्या हातात दिले. अक्षर फार वेडेवाकडे आले आहे आणि काना-मात्रा ओळीबाहेर गेल्या आहेत; पण हस्तलिखिते वाचण्याची आम्हाला सवय आहे. 'ठीक' असाच तो शब्द आहे.

पुढच्या खंडेनवमीला बघण्यासारखे काही नसले तरी बॉनेट उघडायचे, असे ठरले आहे. त्याआधीही अण्णांना काही विचारायचे आहे. त्यांची यादी आम्ही केली आहे आणि परीक्षा संपण्याची वाट पाहायची नाही, असे सध्या तरी ठरवले आहे.